व्हॅनमध्ये रात्री झोपलं की सकाळी सगळं ओलं, काय करावं?

वळणवाट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचत आले आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमची कॅम्परव्हॅन गेल्या महिन्यात पूर्ण झाली. आठ महिने सुट्टीचे सगळे दिवस घालून मी आणि नवऱ्याने घरीच बांधली. पहिल्या तीन रात्री डोंगरात काढल्या. बाहेर पाच-सहा अंश असेल. थंडी शिरू नये म्हणून काचा घट्ट लावल्या, छताचा झरोका बंद केला, सरकत्या दरवाजाच्या फटीत टॉवेल कोंबला. पहाटे चारच्या सुमाराला कपाळावर थेंब पडला आणि जाग आली. टॉर्च मारला तर छताच्या प्लायवर जिथे जिथे स्क्रू आहेत तिथे तिथे एकेक थेंब लटकत होता, अगदी रांगेने. बाकी प्लाय कोरडं.

सकाळी काचा पुसल्या आणि फडका मापाच्या भांड्यात पिळला. ३४० मिली पाणी निघालं! तिसऱ्या दिवशी गादी उचलली तर तिचा तळ ओलसर, आणि गाडीत कुबट वास.

पाऊस नव्हता, त्यामुळे गळती नाही हे नक्की. मग एवढं पाणी येतं कुठून, आणि ते थांबवायचं कसं? इतक्या मेहनतीने बांधलेलं लाकूड सडायला नको, म्हणून विचारतेय. जीव लागलाय त्या गाडीवर.

चक्रधर७

काच दोन बोटं खाली ठेवा. विषय संपला.

दवबिंदू

इथे माझ्याविरुद्ध धागा निघालाय असं कळलं, म्हणून आलो :)

चक्रधरांशी सहमत. पण एकच काच उघडून भागत नाही, दोन ठिकाणी वाट हवी.

वळणवाट

काच खाली ठेवायची तर हीटर कशाला लावला, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही थंडी सोसत नाही. काचा न उघडता काही करता येतं का?

अनुस्वार

वळणवाट ताई, आधी पाणी कुठून येतं ते बघू. उत्तर त्यातच आहे.

हे पाणी तुमचंच आहे. मोठ्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून, घाम न येतासुद्धा, दिवसाला साधारण ८०० मिली पाणी वाफ होऊन जातं. म्हणजे आठ तासांच्या झोपेत पाव लिटरच्या थोडं वर. दोघांचं मिळून अर्धा लिटर. तुम्ही ३४० मिली पिळून काढलंत, उरलेलं गादीत, प्लायमध्ये आणि पांघरुणात आहे.

आता हवेची ताकद बघा. २० अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ धरते, १० अंशाला ९.४ आणि ५ अंशाला ६.८. तुमच्या गाडीत साधारण १० घनमीटर हवा असेल. ती २० अंशाला काठोकाठ भरली तरी त्यात १७० ग्रॅमच बाष्प मावेल. तुम्ही सोडताय ५०० च्या वर. गाडी घट्ट बंद असेल तर उरलेलं जाणार कुठे? सगळ्यात गार जागा शोधून तिथे बसणार. हवा २० अंशाची आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशाच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागाला घाम फुटतो. बाहेर पाच अंश असताना एकेरी काच आणि उघडा पत्रा बारा अंशावर राहूच शकत नाही.

म्हणून काचा न उघडता जमेल का, याचं उत्तर नाही असं आहे. पाणी बाहेर काढावंच लागतं.

ठाम_मत

मी असहमत. बाजारात ओल शोषणारे डबे मिळतात, खड्यांचे. दोन ठेवले की काम होतं. मी वापरतो, सकाळी डब्यात पाणी दिसतं. काच उघडून गारठण्यापेक्षा हे बरं.

सुतारपक्षी

ठाम_मत, गाडी दोन महिने नुसती उभी ठेवायची असेल तर तुमचे डबे उत्तम. ते कॅल्शियम क्लोराइड असतं. हवेतली ओल ओढून विरघळतं आणि खाली खारं पाणी जमतं. पण ते सावकाश काम करतं. रात्रीत अर्धा लिटर ओढणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. दुसरं म्हणजे ते खारट पाणी वळणावर डबा उलटून पत्र्यावर सांडलं की गंज ठरलेला. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका गाडीत मागच्या चाकावरच्या पत्र्याला त्याच पाण्याने भोक पडलं होतं. चालत्या गाडीत ठेवू नका, ही कळकळीची विनंती.

ते छोटे विजेवरचे यंत्र-डबेही थंडीत जवळपास काही करत नाहीत. हवाच गार असली की त्यांना गोळा करायला फारसं काही उरत नाही. मोठं यंत्र काम करतं, पण बॅटरी संपवतं.

ताई, तुमच्या स्क्रूंबद्दल. लाकूड उष्णता अडवतं, लोखंड अडवत नाही. स्क्रू प्लायमधून थेट छताच्या पत्र्याच्या पट्टीत गेलेला आहे, म्हणजे बाहेरची थंडी त्याच्यावाटे सरळ आत येते. म्हणून फक्त स्क्रूच्या डोक्यावर थेंब. तुम्ही रांग म्हणालात ना, ती रांग म्हणजे आतल्या पट्टीचा नकाशाच आहे. पुढच्या वेळी प्लाय थेट पट्टीला न मारता मध्ये लाकडी बॅटन किंवा बंद पेशींच्या फोमची पट्टी घाला आणि प्लाय त्या बॅटनला मारा. आता सगळं उकलायची गरज नाही. स्क्रूच्या डोक्यांवर लाकडी किंवा प्लास्टिकच्या टोप्या चिकटवा, थेंब बरेच कमी होतील.

रानवारा

सहा हिवाळे गाडीत काढलेत, त्यातून सांगतो.

पहिल्या वर्षी आम्हीही सगळं बंद करून झोपायचो. सकाळी पुढच्या काचेवरून पाणी ओघळून डॅशबोर्डच्या मागे जायचं. दिसत नव्हतं म्हणून काळजी नव्हती. वसंतात रबर काढलं तेव्हा काचेच्या चौकटीचा पत्रा बोटाने खरवडता येत होता. ते बोटाखालचं लाल भुसभुशीत मी विसरलेलो नाही. त्यानंतर काच बंद ठेवून झोपलो नाही.

आता करतो ते असं. छताचा पंखा बाहेर फेकण्याच्या दिशेने, सगळ्यात कमी वेगावर, रात्रभर. ड्रायव्हरच्या बाजूची काच दोन सेंटिमीटर खाली. हवा पुढून खालून येते आणि मागे वरून जाते. झोपायची जागा मधे असली तरी झोत अंगावर येत नाही, कारण पंखा ढकलत नाही, ओढतो. काचेवर डोअर व्हायझर लावलेत, त्यामुळे पाऊस आत येत नाही. बॅटरीला त्या वेगाचा भार कळतही नाही.

पंखा नसला तरी चालतं. ओलसर गरम हवा हलकी असते, ती आपणहून वर जाते. झरोका वर आणि काच खाली, दोन्ही थोडं उघडं हवं. नुसता झरोका उघडला की खालून भरपाई करायला हवा नसते आणि सगळं तिथल्या तिथे कोंदट राहतं. दवबिंदू म्हणाले ती दोन वाटांची गोष्ट हीच.

पायवाट_आणि_कुत्रा

आमच्याबरोबर मोती असतो, ३० किलोचा. तो झोपेत नुसता धापा टाकत असतो. त्याला हिशोबात धरायचा का?

दवबिंदू

मोतीला धरायलाच हवा. आणि नदीत डुंबून आला असेल तर दोन माणसं धरा.

पायवाट_आणि_कुत्रा

नदी दिसली की तो डुंबतोच. आता गाडीत शिरायच्या आधी त्याला पुसून कोरडा करतो. ओले बूट आणि रेनकोटही बाहेरच्या छपराखाली. पूर्वी आत टांगायचो. एक ओला टॉवेल किती पाणी धरून असतो ते पिळून पाहिलं तेव्हा धक्काच बसला.

घाटमाथा

पण पावसाळी रात्री काय? बाहेर १०० टक्के आर्द्रता असताना काच उघडली तर बाहेरची ओलच आत येणार ना? इथे मला सगळ्यांचं म्हणणं पटत नाही.

अनुस्वार

घाटमाथा, हा प्रश्न नेहमी येतो आणि चांगला आहे. टक्के फसवतात. बाहेर पाच अंश आणि १०० टक्के म्हणजे घनमीटरला फक्त ६.८ ग्रॅम. तीच हवा आत येऊन १८ अंशाला तापली की तिची ताकद १५.४ ग्रॅमची होते, म्हणजे आर्द्रता उरली ४४ टक्के. ती कोरडीच हवा झाली. थंडीतला पाऊस असला तरी उघडं ठेवणं फायद्याचंच.

आता वळणवाट ताईंच्या नवऱ्याच्या शंकेचं, कारण ती रास्त आहे. बाहेर पाच अंश आणि ८० टक्के, आत १५ अंश आणि ६५ टक्के ठेवायचे, असं धरू. आतल्या प्रत्येक घनमीटरमधून सुमारे २.९ ग्रॅम जास्तीचं पाणी बाहेर जातं. दोघे मिळून तासाला ६६ ग्रॅम सोडतात. म्हणजे तासाला २३ घनमीटर हवा बदलायला हवी, गाडीतली सगळी हवा दोनदा आणि थोडी वर. ऐकायला खूप वाटतं. पण तेवढी हवा पाचाची पंधरा अंश करायला उष्णता किती लागते? साधारण ८० वॅट. झोपलेलं माणूस जवळपास तेवढी उष्णता स्वतःच बाहेर टाकत असतं. तुमचा हीटर बहुधा दोन हजार वॅटचा असेल. दोन बोटं काचेची किंमत एवढीच आहे.

थंडी वाजते ती बहुतेक झोतामुळे आणि गार भिंतीमुळे. रानवारांनी सांगितलंय तशी पुढून आत, मागून वर अशी वाट दिली की झोत लागत नाही.

चक्रधर७

म्हणजे दोन बोटं. पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

अनुस्वार

चक्रधर, अगदी बरोबर. दोन बोटं का, तेवढं मी सांगितलं.

लाट

मी उष्ण किनाऱ्यावर गाडी लावते, रात्री २६-२७ अंश आणि हवा चिकट. तिथे हे लागू नाही, हे नव्या लोकांसाठी लिहून ठेवते. बाहेरच्या हवेतच घनमीटरला २३-२४ ग्रॅम पाणी असतं, त्यामुळे खिडकी उघडून गाडी कोरडी होत नाही. पण तिथे पत्राही गार नसतो, म्हणून काचेला घाम येत नाही. त्रास असतो तो बुरशीचा, चामड्यावर आणि कपड्यांच्या कपाटात. एसी लावला तर काचेला बाहेरून घाम येतो, तो निरुपद्रवी. पंखा आणि कपाटांच्या दारांना जाळी, एवढ्यावर माझं भागतं.

रानवारा

लाट ताईंची नोंद महत्त्वाची. एक भर: निरभ्र रात्री छत हवेपेक्षाही गार होतं, कारण ते उघड्या आकाशाकडे उष्णता फेकत राहतं. हवा एक-दोन अंश असताना टपावर हिम दिसतं ते यामुळे. त्यामुळे दाट झाडाखाली लावलेली गाडी उघड्या माळावरच्या गाडीपेक्षा कमी ओली होते. फांदी पडायची भीती नसेल अशीच जागा बघा मात्र.

ठाम_मत

डब्यांबद्दल मी शब्द मागे घेतो. चालत्या गाडीत ठेवत होतो, आजच बाहेर काढले. एक विचारतो: पुढच्या काचेला आतून चमकदार थर्मल मॅट लावतो, चोषकांनी चिकटणारी. तरी तिच्यामागे काच ओलीचिंब. मॅट खराब आहे का?

सुतारपक्षी

मॅट चांगली आहे, जागा चुकली. आतून मॅट लावली की गाडीची ऊब काचेपर्यंत पोचत नाही, म्हणून काच आणखी गार होते. आणि कडेच्या फटींतून वाफ मागे जातेच. बाहेरून आवरण घातलं तर काच आतल्या उबेच्या बाजूला राहते. दारात अडकवायचे कान असलेलं बाहेरचं आवरण मिळतं. जाड ताडपत्रीला आतून ब्लँकेट शिवून मी स्वतःही केलंय. फरक पहिल्याच रात्री दिसतो. आतलीच वापरायची असेल तर सकाळी आधी मॅट काढा, काच पुसा, आणि मॅटही वाळवून मगच गुंडाळा.

मध्यरात्र

मी तर झोपायच्या आधी गॅसची शेगडी अर्धा तास पेटवतो. गाडी मस्त तापते आणि मग बंद करून झोपतो.

अनुस्वार

मध्यरात्र, कृपया हे आजपासून बंद करा. मी जीव तोडून सांगतोय.

एक तर एक किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ किलो पाणी तयार होतं. ब्युटेनचंही जवळपास तेवढंच. १०० ग्रॅम गॅस जाळलात तर १६० ग्रॅम पाणी हवेत सोडलंत, दोन माणसांचं अडीच तासांचं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बंद गाडीत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतून जाग येत नाही. डिझेल हीटर वेगळा असतो. त्याचं जळणं बंद खोलीत होतं, हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेर सोडतो, आत फक्त कोरडी ऊब येते. तरीही कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक गाडीत हवा, आणि तो महिन्यातून एकदा बटण दाबून तपासायला हवा.

मध्यरात्र

इतकं माहीत नव्हतं. सकाळी डोकं जड व्हायचं, मी थंडीमुळे म्हणायचो. अलार्म आजच घेतो. मनापासून आभार.

वळणवाट

डोकं जड आमचंही व्हायचं! आमच्याकडे शेगडी नुसती स्वयंपाकापुरती, रात्री बंदच.

अनुस्वार

मग ते तुमच्याच श्वासाचं असण्याची शक्यता जास्त. उच्छ्वासात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असतो. घट्ट बंद गाडीत दोघांचा रात्रभर साठत जातो. हवा बदलली की पाणी आणि ते, दोन्ही जातं. शेगडी आहे म्हणालात म्हणून विचारतो: गॅस सिलिंडरच्या कपाटात खाली जाळी ठेवली आहे ना? आणि ती उघडी आहे ना?

वळणवाट

जाळी होती. गार वारा यायचा म्हणून मी फोम भरून बुजवली.

सुतारपक्षी

ताई, आत्ता उठा आणि तो फोम काढा, मग पुढचं वाचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीवर पसरतो आणि खालीच साठतो. ती जाळी त्याला बाहेर जायची वाट म्हणून असते. कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने रबर लावा म्हणजे वारा खोलीत येणार नाही, पण खालची जाळी कायम मोकळी.

वळणवाट

काढला. हात थरथरत होते. सुतारपक्षी दादा, अनुस्वार सर, तुम्ही विचारलंत म्हणून कळलं.

घाटमाथा

ग्रॅमचा हिशोब पटला, माझी शंका मिटली. हीटरबद्दल एक अनुभव. आमचा हीटर रात्री एकला बंद करून झोपायचो आणि पहाटे सगळं जास्तच ओलं व्हायचं. आता कळतं, तापलेली हवा भरपूर बाष्प धरून बसायची आणि गाडी गार झाली की सगळं एकदम सोडायची. हल्ली कमीत कमी आचेवर रात्रभर चालू ठेवतो, झरोका किंचित उघडा. डिझेल थोडं जास्त लागतं, पण भिंती गार होत नाहीत.

रानवारा

हेच. आणि हीटर आतलीच हवा फिरवत असेल तर तो पाणी काढत नाही, नुसतं हवेत धरून ठेवतो. काढतो तो झरोका.

सुतारपक्षी

गादीचं राहिलं. अंगातून खाली जाणारी वाफ गादीतून आरपार जाते आणि गार प्लायवर थांबते. त्या दोघांच्या मधे हवा नसेल तर बुरशी येणारच. एका गाडीत गादी उलटी केली तर तळाला काळे ठिपके होते, नेमके खांदा आणि कंबर टेकते तिथे, माणसाचा आकार ओळखू यावा असे. अखंड प्लाय काढून लाकडी पट्ट्या बसवा, दोन पट्ट्यांत चार-पाच सेंटिमीटरची जागा. प्लाय काढता येत नसेल तर होल सॉने जवळजवळ भोकं पाडा आणि वर जाड जाळीदार चटई घाला, दोनेक सेंटिमीटरची. गादी भिंतीला चिकटवू नका. सकाळी उठल्यावर पांघरूण लगेच घडी न करता गादी एका बाजूने उभी करा, अर्धा तास.

लाट

फडक्याबद्दल कुणी बोललं नाही. सकाळी काच पुसलेला फडका गाडीतच वाळत घातला की सगळं पाणी परत हवेत. छोट्या वायपरने पाणी खाली ओढून घ्यायचं, फडका बाहेर पिळायचा आणि बाहेरच टांगायचा.

चक्रधर७

काचेला आतून साबणाचं पाणी चोळलं की धुकं धरत नाही, हेही ऐकलंय.

अनुस्वार

काच स्पष्ट दिसते हे खरं, कारण थेंबांऐवजी पातळ पापुद्रा होतो. पाणी तेवढंच राहतं. निघण्याआधी समोरचं दिसावं म्हणून ठीक.

वळणवाट

तीन आठवड्यांनी परत आले, कारण परिणाम सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

केलेल्या गोष्टी: ड्रायव्हरच्या बाजूची काच दोन सेंटिमीटर, मागचा झरोका तीन बोटं, फटीतला टॉवेल कायमचा बाहेर. पुढच्या काचेला बाहेरून आवरण, जुन्या ब्लँकेटचं, मीच शिवलं. प्लायला भोकं आणि वर जाळीदार चटई. स्क्रूंना लाकडी टोप्या. एक छोटा आर्द्रतामापक पलंगाच्या डोक्याशी टांगला.

परवा पुन्हा त्याच डोंगरात, बाहेर चार अंश. हीटर मंद. मापकावर रात्रभर ६० ते ६८ च्या मधे. सकाळी सहाला नवऱ्याने टॉर्च घेऊन छत तपासलं, एकेका स्क्रूखाली बोट फिरवलं. कोरडं. बाजूच्या काचांच्या खालच्या कडेला थोडं दव होतं, ते वायपरने ओढलं आणि भांड्यात धरलं: ४० मिली. गादीचा तळ हाताला कोरडा लागला. डोकं हलकं. थंडी पहिल्या रात्री पायांना जाणवली, दुसऱ्या रात्री मोजे घातले, मग नाही.

एकच उरलंय. सरकत्या दरवाजाच्या आतल्या पत्र्यावर, जिथे आम्ही फोम बसवू शकलो नाही, तिथे अजून घाम येतो.

सुतारपक्षी

४० मिली म्हणजे उत्तम. दरवाजाच्या आतल्या पॅनेलच्या क्लिपा काढा, पत्र्यावर बंद पेशींचा चिकट फोम थेट दाबून बसवा, मधे हवेची पोकळी ठेवू नका. मात्र दाराच्या तळाला पाणी निचऱ्याची छोटी भोकं असतात, ती शोधून मोकळी ठेवा. टाचणी घालून बघा, बहुतेक वेळा मातीने भरलेली असतात.

वळणवाट

तीन सापडली. दोन भरलेली होती. साफ केली, आतून चमचाभर गढूळ पाणी आलं. उद्या फोम.